देवघरातला दुसरा आवाज

आई पहिल्यांदा बोलली तेव्हा मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "देवाजवळ कोनीतरी बोलते."

मला वाटलं, ती जपाच्या पेटीबद्दल बोलतेय. बाबा गेल्यानंतर घर फार शांत वाटतं म्हणून धाकट्या भावानं अकोल्याहून ती पेटी आणली होती. प्लास्टिकची, तळहाताएवढी. बारीक वायरच्या अडॅप्टरनं विजेवर चालायची, नाहीतर सेल घालायचे. दिवसभर हळू आवाजात नामजप सुरू. देवघराजवळ सॉकेट नव्हतं म्हणून भावानंच हॉलमधून लांबलचक एक्स्टेंशनची वायर ओढली, आणि उरलेल्या वायरचं मोठं वेटोळं करून देवघरामागच्या खिळ्याला टांगून ठेवलं.

"पेटीच बोलते ना आई," मी म्हटलं.

"पेटीतला म्हाराज वेगळा. मले काय समजत नाही का? त्याच्या मागून दुसरा बोलते. मानूस हाय. तोंडावर उपरनं धरून बोलल्यावानी."

"काय बोलतो?"

"तेच तं समजत नाही. मराठी नाही, हिंदी नाही. बदकावानी."

मी हसले. तिला ते आवडलं नाही. तिनं मेथीची जुडी माझ्या पुढ्यातून ओढून घेतली आणि स्वतः निवडायला बसली.

आईचं घर अमरावतीत बडनेरा रोडच्या बाजूला आहे. बाबा एसटीत होते, त्यांनी तिथं एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन तीन खोल्या बांधल्या. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कठोरा नाक्याकडे राहते आणि एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लॅब सुटली की आईकडे एक चक्कर असतेच. त्या दिवसांत मी रोज थोडं जास्त थांबायला लागले, पण मला काही ऐकू आलं नाही. आई मात्र दर दोन-तीन दिवसांनी सांगायची, आज बोलला. कधी सकाळी, कधी दिवेलागणीला. तिनं देवघरात बसून पोथी वाचणं सोडलं. उभ्या उभ्या हळदकुंकू वाहायची आणि बाहेर यायची. पलंग हॉलमध्ये घ्यायला लावला. जेवण कमी झालं. पेटी बंद करून ठेव म्हटलं तर म्हणायची, "म्हंजे तो मले भेवाडून राह्यला अन् मी देवाचं नाव बंद करू?"

शेजारच्या बायांपर्यंत गोष्ट पोहोचलीच. एकीनं अंगारा आणून दिला. दुसरी म्हणाली, मोझरीच्या आश्रमात जाऊन चार दिवस प्रार्थनेत बसा, मन शांत होईल. तिसरीनं मला फाटकाशी गाठून विचारलं, "तुमच्या आत्याबाईचे सासरे गेले तवा त्याइलेही असंच झालं होतं ना?" मला अशी कुठली आत्याच नाही.

भाऊ एका रविवारी आला. अकोल्यात त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, त्यामुळं रविवारशिवाय त्याला जमत नाही. दुपारभर तो देवघरापुढं खुर्ची टाकून बसला. जपाशिवाय काही आवाज नाही. मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाला, "ताई, मले वाटते आईले डॉक्टरले दाखवावं. अकोल्यात मेंदूचे एक चांगले डॉक्टर आहेत. मी नंबर लावतो."

"मेंदूचे?"

"मंग काय कानाचे? जे नाही ते ऐकू येऊन राह्यलं तिले. एकटी राहाते, उद्या गॅस चालू ठेवला तर? तिले अकोल्याले नेतो मी. अन् मंग घराचंही काय करायचं ते पाहावं लागन."

शेवटचं वाक्य तो भांडी लावता लावता बोलला, मोठं काही बोलत नसल्यासारखं. पण ते माझ्या कानात राहिलं.

माझं कामच शंका घेण्याचं आहे. एखाद्या रिपोर्टमध्ये भलताच आकडा आला तर आम्ही लगेच पेशंटला आजारी ठरवत नाही. आधी नळीवर शंका घेतो. रक्त कोणी काढलं, नळी कोणी आणली, मधे कुठं ठेवली होती. त्या रविवारी घरी जाताना मी गाडीवर तेच करत होते. पेटी कोणी आणली? भावानं. वायर कोणी ओढली? भावानं. आवाज त्यानंतर सुरू झाला. तो येतो तेव्हा नेमका आवाज येत नाही. आणि आई घाबरून अकोल्याला गेली तर घर रिकामं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं आणि मला माझीच लाज वाटली, पण ओळ काही मोडेना.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेल्यावर मी पेटीचे स्क्रू काढले. आत एक स्पीकर, हिरवी पट्टी, सेलची जागा. मला त्यातलं काय कळणार? फोटो काढला आणि राजकमल चौकाजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याला विचारलं, यात बाहेरून कोणी बोलू शकतं का, ब्लूटूथ वगैरे काही आहे का.

"काहीच नाही मॅडम. साधा माल आहे." मग त्यानं फोटोवरून नजर माझ्याकडे वळवली. "काहून? कोनी बोलून राह्यलं काय याच्यातून?"

मी फोन पर्समध्ये टाकला आणि निघाले.

मग मला स्वतःलाच ऐकू आलं. संध्याकाळची वेळ होती, आई फाटकावर भाजीवाल्याशी बोलत होती आणि मी समईत तेल घालत होते. जपाच्या दोन आवर्तनांच्या मधे जी जागा असते, त्या जागेत कोणीतरी बोललं. खरखरीत, नाकातून, घशात काहीतरी अडकल्यासारखं. शब्द कळेना, पण ते बोलणंच होतं. त्यात चढउतार होते, थांबणं होतं, एकदा तर प्रश्न विचारल्यासारखा शेवट वर गेला. मग जप. मग परत तो. मी तेलाची वाटी खाली ठेवली.

आधी मी भावाला फोन लावला. त्यानं उचलला. मागं दुकानाचा गलका होता, कोणीतरी पाइपाचा भाव विचारत होतं. इकडं पेटीतला माणूस बोलतच होता.

"कुठं आहेस?" मी विचारलं.

"दुकानात. काहून?"

"काही नाही. नंतर करते."

म्हणजे तो नव्हता. पण फोन ठेवल्याबरोबर मनात आलं, त्यानं दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल तर? शंका एकदा घरात शिरली की तिला बसायला पाट लागत नाही.

आई भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. माझ्या तोंडाकडं पाहूनच तिनं ओळखलं.

"ऐकलं?"

"ऐकलं."

ती तिथंच फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. जवळ गेले तर म्हणाली, "म्हंजे मी येडी नाही झाली ना बाई? मले वाटे का झालीच."

इतके दिवस तिला त्या माणसापेक्षा जास्त भीती याची होती, आणि आम्ही तिला मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला निघालो होतो.

तिच्यासमोरच मी अडॅप्टर काढला. पेटी गप्प, माणूसही गप्प. परत लावला. जप आणि मागून तो. मग मला सुचलं म्हणून पेटीत सेल घातले आणि वायर काढून टाकली. आता नुसता जप. पुन्हा वायर लावली, पुन्हा तो आला. तीन-चार वेळा करून पाहिलं. सेलवर कधीच नाही, वायरवर नेहमी. म्हणजे तो पेटीत नव्हता. भिंतीतल्या विजेच्या वायरीतून येत होता. हे कोणाला सांगायचं? घरी आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू अन् तुझी आई, दोघींचाही नंबर लावू का एकदमच?"

त्याच आठवड्यात आई आणि मी तिच्या गच्चीवर कुरड्या घालत होतो. साचा दाबता दाबता मान अवघडली म्हणून मी वर पाहिलं, तर डोक्यावरून एक बारीक तांब्याची तार गेलेली. मागच्या घराच्या गच्चीवर बांबू उभा केलेला, तिथून निघून ती आमच्या गल्लीतल्या कडुनिंबापर्यंत. विजेच्या खांबावरून आईच्या घरात येणारी केबल आणि ही तार बरंच अंतर एकमेकींना लागून, बाजूबाजूनं चालल्या होत्या.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या घरी तो भाडेकरू आला तवापासून. कपडे वाळवाले असन म्हटलं."

"एवढ्या उंचावर?"

आई साच्यातलं पीठ ढकलायची थांबली.

भाडेकरूबद्दल गल्लीला माहीत होतं ते असं: एकटा राहतो, चाळिशीचा आहे, कुठल्यातरी कॉलेजात शिकवतो, खिडकीचा पडदा उघडत नाही, गणपतीची वर्गणी देतो पण थांबत नाही. दूधवाल्यानं त्याला बंद दाराआड इंग्रजीत अक्षरं आणि आकडे म्हणताना ऐकलं होतं. त्यावरून कोणी म्हणायचं क्रिकेटचा सट्टा लावतो, कोणी म्हणायचं आपल्याकडची माहिती बाहेर पाठवतो. आमच्या लेआउटमधून कसली माहिती पाठवायची, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. त्या दिवशी मलाही पडला नाही.

मी एकटीच जाणार होते. आईनं हात धुतले आणि चप्पल घातली. "महिनाभर माह्या घरात बोलून राह्यला तो. मीच विचारतो त्याले."

त्यानं दार अर्धंच उघडलं. मी तारेचं नाव काढलं तसा त्याचा चेहरा आवळला.

"तक्रार तुम्ही केलीय का?"

"कसली तक्रार? तुम्ही आमच्या घरात का बोलता ते सांगा."

"मी कुणाच्या घरात बोलत नाही. तुम्हाला कोणी पाठवलं?"

"मले कोन पाठवन?" आई पुढं झाली. "माह्या देवाच्या पेटीतून तुमी बोलता. बदकावानी. माहं पोट्टं मले येड्याच्या डॉक्टरकडं नेऊन राह्यलं तुमच्यापायी."

मग त्यानं दार पूर्ण उघडलं.

आत टेबलावर एक रेडिओसारखं यंत्र, माइक, हेडफोन. भिंतीवर फ्रेम करून लावलेला सरकारी परवाना. तो हौशी रेडिओवाला होता, आणि दूधवाल्यानं ऐकलेली अक्षरं नि आकडे म्हणजे त्याचं रेडिओवरचं ओळखचिन्ह. असे लोक देशभर आहेत, घरी बसून आपापल्या यंत्रावरून एकमेकांशी बोलतात, पूर आला किंवा वादळ झालं तर निरोप पोहोचवतात, असं त्यानं सांगितलं. आधीच्या कॉलनीत लोकांनी त्याला हेर ठरवून घर सोडायला लावलं होतं, म्हणून इथं कोणाला काही सांगितलं नाही. मी सगळं ऐकून घेतलं. परवान्यावरचं नाव आणि त्याच्या दाराबाहेरच्या पाटीवरचं नाव जुळतंय का तेही पाहून घेतलं.

"खरं असेल तर आत्ता बोलून दाखवा," मी म्हटलं. "मी घरी जाऊन ऐकते. आई इथं थांबेल."

आई त्याच्या शेजारी खुर्चीवर बसली, मोबाइल कानाला लावून. मी घरी येऊन पेटीसमोर उभी राहिले.

"आता बोलून राह्यला," फोनवर आई म्हणाली आणि देवघरात बदक बोललं.

"आता थांबला." बदक थांबलं.

"आता परत." परत. आईला यात फार मजा वाटायला लागली. तिनं त्या बिचाऱ्याला बराच वेळ बोलायला आणि थांबायला लावलं.

नंतर त्यानं समजावून दिलं. यंत्रातून निघालेल्या लहरी तारेवरून हवेत जातात. घरातली विजेची लांब वायर त्यांच्या वाटेत आली की तीही अँटेनासारखी त्या लहरी पकडते, आणि वायरीला जोडलेली स्वस्तातली पेटी त्यांचं आवाजात रूपांतर करून टाकते. तो बोलतो त्या पद्धतीत लहरींचा एक भाग काढून उरलेला पाठवलेला असतो. समोरचं यंत्र तो परत घालतं, पेटीला ते जमत नाही. म्हणून बदक.

"पेटी स्वस्तातली आहे हे खरं," तो म्हणाला, "पण तार माझी आहे. तेव्हा अर्धं काम माझ्याकडे."

मी एक अट घातली. सगळे उपाय एकदम करायचे नाहीत. एक करायचा, ऐकायचं, मग दुसरा. नाहीतर नेमकं कशानं गेलं ते कळत नाही, आणि कळलं नाही तर माझं मन काही स्वस्थ बसलं नसतं.

आधी ती लांब वायर काढली. खिळ्यावरचं वेटोळं पाहून तो म्हणाला, यापेक्षा चांगली अँटेना मलाही बांधता येणार नाही. इलेक्ट्रिशियन बोलावून देवघराशेजारीच सॉकेट बसवून घेतलं. आवाज निम्म्यावर आला. मग त्यानं लॅपटॉपच्या वायरला असतो तसा एक काळा गोळा आणला. ही वायरीवरच्या लहरी अडवणारी फेराइटची कडी, दोन अर्ध्या भागांची, मिटली की खट्कन बसते. अडॅप्टरची वायर तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरवून घेतली, अगदी पेटीच्या जवळ. आता कान लावला तरच ऐकू यायचं. इलेक्ट्रिशियनला घराचं अर्थिंगही तुटलेलं सापडलं, बाथरूमचं काम झालं तेव्हा कोणीतरी ती तार छाटली होती. ते जोडून आवाजात काही फरक पडला नाही. मात्र फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्या त्या गेल्या. आई आजवर त्याला संधिवात समजत होती.

शेवटी त्यानं स्वतःची तार फिरवली. कडुनिंबावरून काढून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटच्या दिशेनं, आमच्या केबलला आडवी जाईल अशी नेली. त्यानंतर पेटीत फक्त नामजप राहिला. तरी आठवडाभर आई मधेच जप बंद करून कान लावायची. मीही लावायचे.

एकदा आईनं त्याला विचारलं, "पन सर, तुमी बोलत काय होते?" त्यानं तिला बोलावून कानावर हेडफोन चढवले. कुठल्यातरी दूरच्या गावचा माणूस हिंदीत विचारत होता, अमरावतीत ऊन किती आहे.

"एवढंच?" आई म्हणाली. "सांगा त्याले, कुरड्या एका दिवसात वाळून राह्यल्या."

त्यानं तसं सांगितलं. तिकडून हसण्याचा आवाज आला. आईनं तो नीट, पूर्ण ऐकला आणि हेडफोन काढून दिले.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण तार फिरवताना सर गच्चीवरून सहज बोलून गेले, "तुमचे भाऊ मधे एका रविवारी दुपारी एकाला घेऊन आले होते ना, प्लॉटची रुंदी मोजत होते? मला वाटलं माझ्या तारेविरुद्ध मोजमाप चाललंय. दोन दिवस यंत्र लावलं नाही मी."

आई त्या दुपारी भजनाला गेली होती, हे मला आठवलं. भाऊ आल्याचं मला माहीत नव्हतं. मी सांगेपर्यंत आईलाही नव्हतं.

पुढच्या रविवारी तो डॉक्टरचा नंबर लावून आला. आईनं त्याला चहा दिला, पेटी, कडी, तार, सगळं दाखवलं. तो थक्क होऊन ऐकत होता. मग आईनंच विचारलं, "घर पाहाले कोनाले आनलं होतं?"

त्यानं कप खाली ठेवला.

"आनलं होतं. किंमत विचारून ठेवली फक्त. तुले अकोल्याले न्यायचं तं घर कोनाच्या भरवशावर ठेवायचं?"

"मले विचारलं काहून नाही?"

"तू घाबरेलच होती."

"म्हंजे मी घाबरली तं घर इकाचं?"

तो माझ्याकडं वळला. "ताई, घराचं मी लपवलं. पन आवाज मी नाही केला."

"मी तसं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाही. फोन करून कुठं आहेस विचारलं, अन् उत्तर ऐकून ठेवून देला. तवाच समजलं मले."

आईनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि कप उचलले. "डॉक्टरकडं येतो मी. चाल. पन आपल्या पायानं येतो, अन् आपल्या पायानं वापस येतो."

ती गेली. अकोल्यात आठवडाभर राहिली, नातवंडांना पुरणपोळ्या करून घातल्या. डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानानं सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तिनं त्यांना फेराइटच्या कडीची सगळी हकीकत ऐकवली म्हणे. मग भाऊच तिला गाडीनं घरी सोडून गेला.

त्या गिऱ्हाइकाला नकार कळवला, असं भाऊ म्हणतो. मी त्या माणसाला ओळखत नाही, त्यामुळं विचारणार कोणाला? आता भाऊ दर शनिवारी मुक्कामाला येतो, आईच्या हातची वांग्याची भाजी खातो, टाकीची झडप बदलतो, जळमटं काढतो. येण्याआधी मला न चुकता फोन करतो, "ताई, येऊन राह्यलो." मी ये म्हणते. लॅब सुटली की मीही जाते. आम्ही तिघं ओट्यावर बसतो, गप्पा होतात, हसणंही होतं. फक्त तो उठून घराच्या मागच्या बाजूला गेला की माझे डोळे त्याच्या मागं जातात, आणि ते त्याला माहीत असतं.